लाकडाचा मान : झाफिमानिरी कोरीवकाम आणि अर्थाचा प्रश्न

कोरीवकामाचा एखादा नमुना दृष्टीस पडला की ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न आपोआप मनात येतो. साहित्याच्या अभ्यासकाच्या तर तो अंगवळणीच पडलेला असतो. कवितेतील प्रतिमेला, कादंबरीतील घटनेला, नाटकातील मौनालाही अर्थ विचारणे हेच त्याचे काम मानले जाते, आणि वर्गात आपण शिकवतो तेही बव्हंशी हेच. परंतु हा प्रश्न सर्वत्र सारखाच निरुपद्रवी असतो काय? मादागास्कर बेटावरील एका डोंगरी समाजाचे लाकूडकाम आणि त्याविषयी गेल्या काही दशकांत झालेले लेखन वाचताना ही शंका आम्हाला वारंवार आली. एकाच नक्षीविषयी तेथे दोन साक्षी उपलब्ध आहेत आणि दोन्ही जबाबदार आहेत. एक साक्ष सांगते की ही नक्षी समाजाच्या श्रद्धा आणि मूल्ये व्यक्त करते. दुसरी सांगते की ही नक्षी कशाचेच चित्र नाही. या दोन साक्षींच्या मधल्या जागेत एका कलेचा इतिहास दडलेला आहे.

या समाजाचे नाव झाफिमानिरी. ‘झाफी’ म्हणजे नातू, वंशज. ‘मानिरी’ या क्रियापदाचा अर्थ इच्छा धरणे असा होतो आणि झाडाच्या संदर्भात रुजणे, उगवणे असाही होतो. मादागास्करच्या मध्यवर्ती पठाराच्या आग्नेय बाजूस, आंबोसित्रा या गावाच्या पूर्वेकडे, डोंगर आणि जंगल यांच्या सरमिसळीत त्यांची वस्ती आहे. आंतोएत्रा हे त्यांचे बाजाराचे गाव. युनेस्कोच्या नोंदीप्रमाणे सुमारे सातशे चौरस किलोमीटरच्या डोंगराळ मुलखात शंभरेक गावे-वाड्यांतून पंचवीस हजार लोक विखुरलेले आहेत. अठराव्या शतकात, बेटाचा बराचसा भाग वृक्षहीन होत चालला असताना, हे लोक जंगलाच्या आश्रयाने या दुर्गम भागात येऊन स्थिरावले. फ्रेंच भूगोलतज्ज्ञ दानिएल कुलो यांनी १९७३ मध्ये त्यांच्यावर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या उपशीर्षकात त्यांना जंगलाच्या मागावर निघालेला समूह म्हटले आहे. हे वर्णन दुधारी आहे. झाफिमानिरी जंगलाच्या मागे गेले, आणि जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीवर जगल्यामुळे ते जंगल त्यांच्या पुढे पुढे सरकत, आक्रसत गेले. ज्या लाकडावर त्यांचे सारे जीवन उभे आहे ते लाकूड त्यांच्याच जगण्याने विरळ होत आले आहे. या विसंगतीकडे काणाडोळा करून त्यांच्या कलेविषयी लिहिता येणार नाही.

एके काळी लाकडाची घरे ही काही झाफिमानिरींची मिरास नव्हती. पठारावरील मेरिना राज्याच्या राजधानीत, अंतानानारिव्होतही, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जिवंत माणसांचे घर लाकडाचे आणि मृतांचे दगडाचे असा दंडक होता. पुढे तेथे वीट आणि दगड आले. पठारावर अन्यत्र मातीच्या भिंती आल्या, कारण जंगलच उरले नाही. जी विद्या पूर्वी बेटावर दूरवर पसरलेली होती ती या एका कोपऱ्यात शिल्लक राहिली. म्हणून झाफिमानिरींकडे पाहताना आपण एखाद्या विलक्षण, एकाकी जमातीकडे पाहत आहोत असे समजू नये. मोठे तळे आटून जावे आणि एका खड्ड्यात पाणी उरावे, तशी ही स्थिती आहे.

या लाकूडकामाचे तपशील मोठे वेधक आहेत. वीस वेगवेगळ्या जातींची, त्याच प्रदेशात आढळणारी झाडे ते वापरतात. खांबासाठी कोणते, फळीसाठी कोणते, कोरण्यासाठी कोणते हे ठरलेले असते. घरे आणि थडगी संपूर्णपणे लाकडाची. त्यांत खिळा नाही, बिजागरी नाही, लोखंडाचा तुकडा नाही. एका लाकडात खाच पाडायची आणि दुसऱ्याचे तासलेले टोक तिच्यात नेमके बसवायचे, एवढ्यावर सारी इमारत उभी राहते. भिंतींच्या फळ्या, खिडक्यांची झडपे, खांब, तुळया, बसायची आसने, धान्याच्या पेट्या, हत्यारांच्या मुठी अशा जवळजवळ प्रत्येक पृष्ठभागावर नक्षी कोरलेली असते. नक्षी भौमितिक असते. वर्तुळे, त्यांत गुंफलेल्या पाकळ्या, जाळीसारख्या छेदणाऱ्या रेषा, षट्कोनांच्या रांगा. मूळ आकृतिबंध मोजकेच आहेत, तरी दोन वस्तू तंतोतंत सारख्या आढळत नाहीत.

युनेस्कोच्या नोंदीतील एका आकड्यापाशी आम्ही थबकलो. ती नोंद पंचवीस हजार लाकूडकारागीर असे म्हणते. म्हणजे कारागिरांची संख्या आणि समाजाची लोकसंख्या एकच! आकडेवारी म्हणून हे विधान सैल वाटेल. पण त्यातून नकळत एक सत्य बोलले गेले आहे. येथे सुतार ही जात नाही, शिल्पी हा पेशा नाही, कलावंत ही पदवी नाही. एखाद्याचा हात अधिक चांगला असतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण लाकूड तासणे आणि कोरणे हे घरादाराच्या पुरुषाला यायलाच हवे असे काम आहे, जसे चटया विणणे हे बाईला. अशा समाजात ‘या कलाकृतीचा कर्ता कोण?’ हा प्रश्न विचारणेच अवघड होऊन बसते.

आता त्या दोन साक्षींकडे वळू. २००३ मध्ये युनेस्कोने झाफिमानिरींचे लाकूडकामाचे ज्ञान मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशाचा श्रेष्ठ नमुना म्हणून घोषित केले आणि २००८ मध्ये ते अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समाविष्ट झाले. या नोंदीनुसार नक्षीतील आकृतिबंध काटेकोर संकेतांनी बांधलेले आहेत. त्यांत या समाजाच्या आग्नेय आशियाई, ऑस्ट्रोनेशियन मुळांची खूण आहे आणि मालागासी संस्कृतीवरील अरबी प्रभावाचीही. शिवाय त्यांना प्रतीकात्म अर्थ आहेत. कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसणारी नक्षी कुटुंबातील नात्यांची वीण सुचवते, मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी नक्षी सामूहिक जीवनाची द्योतक असते. वाचताना हे पटते. जाळे आणि नाती, पोळे आणि समाज ही सांगड इतकी सहज आहे की आपण ती मान्य करून पुढे जातो.

दुसरी साक्ष मानववंशशास्त्रज्ञ मॉरिस ब्लॉक यांची. १९७१ पासून त्यांनी झाफिमानिरींच्या एका गावात पुन्हा पुन्हा राहून अभ्यास केला. १९९५ मध्ये त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकाचा आशय असा : मालागासी कोरीवकामाला विचारू नयेत असे प्रश्न. ब्लॉक यांनीही आरंभी आपल्यासारखाच प्रश्न विचारला होता. ही नक्षी कशाची आहे? उत्तर आले, कशाचीच नाही. मग ती कोरता कशासाठी? लाकूड सुंदर होते म्हणून. लाकडाचा मान राखला जातो म्हणून. पाहुण्याची बोळवण करणारी ही उत्तरे आहेत असे कोणालाही वाटले असते. ब्लॉक यांचे वेगळेपण असे की त्यांनी या उत्तरांना टाळाटाळ मानले नाही. ती शब्दशः खरी असतील तर त्यांतून काय निष्पन्न होते, याचा त्यांनी शोध घेतला.

त्यासाठी त्यांना नक्षी सोडून घराकडे, आणि घरातून विवाहाकडे जावे लागले. मालागासी भाषेत विवाहासाठी जो शब्दप्रयोग येथे रूढ आहे त्याचा अर्थ वेगळे घर असणे असा आहे. मराठीत ‘वेगळी चूल मांडणे’ म्हटले की भाऊबंदकीची आठवण होते. तेथे मात्र वेगळी चूल मांडणे म्हणजेच लग्न. तरुण मुलगा आईवडिलांच्या घराजवळ आपले घर उभारू लागतो. प्रारंभी ते अगदीच तकलादू असते. मधला खांब, तीन दगडांची चूल आणि भोवती बांबूच्या विणलेल्या तट्ट्यांचा कूड. आतले बोलणे बाहेर ऐकू येते, बाहेरचा वारा आत शिरतो. लग्नही अजून तसेच असते. ते मोडू शकते, आणि पुष्कळदा मोडते. परंतु संसार टिकला, मुले झाली, की वर्षानुवर्षे त्या घरात एक एक बदल होत जातो. कुडाची एक बाजू निघते आणि तेथे जाड, टणक लाकडाची फळी येते. मग दुसरी. या फळ्या-खांबांना ते घराची हाडे म्हणतात. तान्ह्या मुलाची हाडे जशी हळूहळू कठीण होतात, तसे घराला हाड येते. संसार मुरतो आणि घर निबर होते. या दोन वेगळ्या घटना नाहीत.

झाडाच्या खोडात जो काळसर, न कुजणारा गाभा असतो त्याला त्यांच्या भाषेत ‘तेझा’ म्हणतात. कोवळ्या झाडात तो नसतो. झाड वाढत जाते तसा तो तयार होतो, आणि झाड मेल्यानंतरही तो उरतो. घरासाठी निवडायचे लाकूड म्हणजे हा गाभा. आणि कोरीवकाम होते ते याच लाकडावर. कुडावर नक्षी कोरता येत नाही. ज्या घराला नक्षी आली त्या घराचा संसार टिकला, असे तिच्याकडे पाहूनच कळते. ती टिकण्याचे चित्र काढत नाही. टिकण्याच्या क्रियेचीच ती पुढची पायरी असते. प्रथम कुडाच्या जागी लाकूड, मग लाकडावर नक्षी. आणि हे दांपत्याच्या मृत्यूनेही थांबत नाही. मुले-नातवंडे त्या घराची उरलीसुरली कच्ची सामग्री काढून तेथे टणक लाकूड बसवतात, नव्याने कोरतात. खूप पुढे ते घर वंशजांचे पवित्र घर होते. आशीर्वाद मागायचा तो तेथे जाऊन, मधल्या खांबापाशी आणि चुलीपाशी. खांब म्हणजे तो पूर्वज आणि चूल म्हणजे ती पूर्वजा. हे दोघे आता घरात राहत नाहीत, ते घरच झालेले असतात.

आता ‘लाकडाचा मान राखतो’ हे उत्तर पुन्हा वाचावे. ते मोघम राहत नाही. ज्या लाकडात एका जोडप्याचे आयुष्य घट्ट झाले आहे त्या लाकडाच्या घट्टपणाचा तो मान आहे. नक्षीच्या मागे दडलेला अर्थ असा काही नसतो, कारण नक्षीच्या मागे लाकूड असते.

आनंद कुमारस्वामी यांनी १९३९ मधील एका निबंधात ‘अलंकार’ या शब्दाची जी चिकित्सा केली आहे तिची येथे आठवण होते. अलम् म्हणजे पुरेसे. अलंकार म्हणजे पुरे करणे, समर्थ करणे. वरून लावलेली शोभा हा त्या शब्दाचा नंतरचा, उतरलेला अर्थ. कुमारस्वामींच्या मते युरोपीय भाषांतील ‘अलंकरण’ सुचवणाऱ्या शब्दांचेही असेच झाले आहे. वस्तू तिच्या कामासाठी पूर्ण होण्याची जी अट होती ती पुढे केवळ सजावट ठरली. मराठी समीक्षेत आशय आणि अभिव्यक्ती या जोडीवर आपण इतकी चर्चा केली की या दोहोंपैकी कशातच न बसणारी एक गोष्ट बाजूला पडली. नक्षी आशयही नसेल आणि अभिव्यक्तीही नसेल, ती पूर्तता असेल. झाफिमानिरी जेव्हा म्हणतात की नक्षीने लाकूड सुंदर होते, तेव्हा ते अलंकाराच्या या जुन्या अर्थाच्या फार जवळ असतात.

तथापि ब्लॉक यांची साक्ष अंतिम मानण्याचे कारण नाही. तिच्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की आकृतिबंधांना नावे आहेत, आणि नाव हे अर्थाचे बीज असते. मधाच्या पोळ्याचे नाव मिळालेल्या नक्षीतून कोणालाही कधीच पोळे आणि माणसांची वस्ती यांचे साम्य जाणवले नसेल, हे संभवत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एका गावात, एका काळी, एका परक्या अभ्यासकाला दिलेले उत्तर म्हणजे साऱ्या समाजाची सौंदर्यमीमांसा नव्हे. ज्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत त्या विचारल्यावर ‘काही नाही’ असे उत्तर येणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे उंबरठ्यावर रांगोळी रेखणाऱ्या बाईला अर्थ विचारला तर तीही कदाचित ‘बरे दिसते म्हणून’ एवढेच म्हणेल. तिचे म्हणणे खरे असते, पण त्यात सारे काही आलेले नसते.

या आक्षेपांचे उत्तर काही अंशी ब्लॉक यांच्याच अन्य लेखनात मिळते. माणसाचे बरेचसे ज्ञान भाषेच्या रूपात साठवलेले नसते, असे त्यांनी १९९१ मधील एका निबंधात प्रतिपादन केले आहे. त्यासाठी त्यांनी झाफिमानिरींचाच दाखला दिला आहे. जंगलाचा एखादा तुकडा शेतीला योग्य आहे की नाही हे त्यांना पाहताक्षणी कळते. झाडे, उतार, माती, पाणी अशा अनेक गोष्टींचा विचार त्या क्षणात झालेला असतो, पण तो शब्दांनी झालेला नसतो. कोरीवकामाची परंपराही अशीच चालत आली असणार. मुलगा बापाच्या, चुलत्याच्या शेजारी बसतो. लाकूड कोणत्या अंगाने तासायचे, हत्याराला किती जोर द्यायचा, वर्तुळाची विभागणी कोठून सुरू करायची, हे तो पाहून आणि करून शिकतो. त्याला कोणी नियम सांगत नाही, त्यामुळे त्यालाही पुढे कोणाला नियम सांगता येत नाहीत. वारसा म्हणून जे दिले जाते ते सांगण्यासारखे नसतेच. म्हणूनच ‘अर्थ काय?’ या प्रश्नासमोर ते मुके होते. त्या मुकेपणाला अज्ञान समजणे ही विचारणाऱ्याची चूक.

या परंपरेची कसोटी इतिहासानेही पाहिली आहे. २९ मार्च १९४७ रोजी मादागास्करमध्ये फ्रेंच सत्तेविरुद्ध उठाव सुरू झाला आणि तो अत्यंत क्रूरपणे चिरडण्यात आला. ब्लॉक ज्या गावात पुढे राहिले त्या गावातील घरे त्या काळात सैन्याने जाळली. लोक जंगलात लपून राहिले. पिढ्यांनी मिळून निबर केलेली, कोरलेली घरे राख झाली. नक्षी हे चिन्ह असते तर तिची नक्कल करून ठेवता आली असती. पण येथे जळाले होते ते काही दांपत्यांचे दीर्घ आयुष्य. ब्लॉक यांनी झाफिमानिरी घरांविषयीच्या आपल्या निबंधाच्या शीर्षकात ‘पुनरुत्थान’ हा शब्द योजला, तो यासाठी. लोक परतले आणि त्यांनी घर पुन्हा उभे केले. ज्या क्रियेतून जुने घर झाले होते ती क्रिया त्यांच्या हातांत शिल्लक होती.

आज ती क्रियाच संकटात आहे. आंबोसित्रा हे लाकडी कलावस्तूंचे मोठे केंद्र आहे. आंतोएत्राहून पर्यटक पायवाटांनी झाफिमानिरी गावे पाहायला जातात. कोरलेल्या फळ्या, आसने, मधाची भांडी विकली जातात. त्यात गैर काही नाही. शेती अपुरी पडते आणि विक्रीतून रोख पैसा येतो. पण विकत घेणारा तोच जुना प्रश्न विचारतो, आणि विकणाऱ्याला आता उत्तर देणे भाग आहे. कोळ्याचे जाळे म्हणजे कुटुंब, पोळे म्हणजे समाज. वारशाच्या यादीतही हेच लिहिलेले आहे. हे अर्थ खोटे आहेत असे आम्ही म्हणणार नाही. एखादा समाज आपल्या नक्षीला नवा अर्थ देतो तेव्हा तोही परंपरेचाच भाग होतो. परंतु फळी घरातून सुटी झाल्यावरच तिला अर्थाचे लेबल लावण्याची गरज पडते, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. जोवर ती भिंतीत होती तोवर तिचा अर्थ कोणाच्या संसाराला किती वर्षे झाली, यात होता.

दुसरीकडे जंगल आटते आहे. मादागास्करची मौल्यवान लाकडे, त्यांत आपल्या शिसवीच्याच डाल्बर्जिया कुळातील वृक्षही आले, बेकायदा तोडीने इतकी धोक्यात आली की २०१३ मध्ये त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आणावे लागले. गाभा तयार व्हायला झाडाला दीर्घ काळ लागतो. असे झाड मिळेनासे झाले तर नवे जोडपे घर कशाचे निबर करणार? तेव्हा नक्षी लहान, विकाऊ वस्तूंवर राहील, तिच्या अर्थांचा कोशही राहील. ज्यामुळे ती कोरावीशी वाटत होती ते मात्र राहणार नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही स्थिती परकी वाटू नये. जात्यावरच्या ओव्या आपण मोठ्या निष्ठेने गोळा केल्या, छापल्या, त्यांतील प्रतिमांचे अर्थ लावले. पिठाची गिरणी आल्यावर दळण थांबले. ओवीचे शब्द हाती राहिले आणि ज्या श्रमाची ती पूर्तता करीत होती तो श्रम गेला. संकलन करू नये असे याचे तात्पर्य नाही. न केले असते तर शब्दही गेले असते. मात्र आपल्या हाती काय आले आणि काय निसटले, याचा हिशेब चोख असावा.

म्हणून ‘याचा अर्थ काय?’ या प्रश्नाच्या आधी आणखी काही प्रश्न विचारण्याची शिस्त आपण लावून घ्यावी असे आम्हाला वाटते. हे कधी कोरले जाते? कशावर कोरले जाते आणि कशावर कधीच कोरले जात नाही? याच्या आधी काय घडलेले असावे लागते? हे कोण पुढे चालू ठेवतो? झाफिमानिरींच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे मिळाली की अर्थाच्या प्रश्नाची धार बरीच बोथट होते. एखाद्या कवितेच्या बाबतीतही तसे होईल काय, हे प्रत्येकाने आपापल्या वर्गात पडताळून पाहावे.